खिडकीकडे तोंड केलेलं रजिस्टर

कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर मी एकवीस वर्षं काढली. विद्यार्थ्याचा असो की विद्यापीठाचा, प्रत्येक कागद आधी माझ्याकडे यायचा. मी त्यावर गोल शिक्का मारायचे, नंबर टाकायचे, कोणाचा, कुठल्या वर्गाचा, कशाबद्दल हे रजिस्टरात उतरवायचे आणि मग तो पुढच्या टेबलावर जायचा. माझ्याआधी त्या खुर्चीत जे गृहस्थ होते ते विषयाच्या रकान्यात नुसतं ‘अर्ज’ लिहून मोकळे व्हायचे. मी अख्खा विषय लिहायचे, तोही कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात. मला त्याचा गर्व होता. अभिमान वगैरे नाही, सरळ गर्व.

त्यात आणखी एक शहाणपणा मी स्वतःच्या डोक्यानं केला होता. मुलं दिवसभर खिडकीशी येऊन ‘मॅडम, माझ्या अर्जाचा नंबर सांगा ना’ म्हणून डोकं खायची. वैतागून एक दिवस मी रजिस्टरच खिडकीकडे तोंड करून ठेवलं आणि वर पाटी लावली: ‘आपला नंबर आपण शोधावा. कर्मचाऱ्यांना विचारू नये. त्यांना इतर कामे असतात.’ मुलं त्या पाटीचे फोटो काढून एकमेकांना पाठवायची आणि हसायची. हसेनात का, डोकं खाणं तर थांबलं. प्राचार्यांनी एकदा पाहुण्यांना माझी खिडकी दाखवली आणि म्हणाले, ‘आमच्याकडे काही झाकून ठेवलेलं नसतं.’ तेव्हा मी मनातून फुगले होते.

ऑफिसच्या बाहेर जिन्याखाली एक लाल पेटी होती, रॅगिंगविरोधी समितीची. वर हेल्पलाइनचं पोस्टर आणि त्याखाली मीच टाइप केलेली सूचना, की निनावी तक्रारींची दखल घेतली जाणार नाही. पेटीची किल्ली नियमानं समितीच्या अध्यक्षांकडे हवी, म्हणजे आमच्या उपप्राचार्य सरांकडे. पण सरांनी ती कधीच माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. ‘बाई, तुम्हीच उघडत जा. आणि आवक नंबर टाकल्याशिवाय माझ्याकडे कागद आणू नका. उद्या तपासणीला कुणी आलं तर नोंद दाखवावी लागते.’ पेटीत बहुतेक चॉकलेटचे कागद निघायचे. एकदा कॅन्टीनच्या सांबाराविरुद्ध तक्रार निघाली, तर तिलाही मी नंबर दिला होता.

गणपती होऊन गेले होते. एका बुधवारी पहिल्या वर्षाची एक मुलगी खिडकीशी आली. बारीक अंगाची, केसांना चापूनचोपून तेल लावलेलं. चंद्रपूरकडची होती, हे तिनं तोंड उघडताच कळलं.

‘मॅडम, तो लाल डबा रोज उघडता का जी?’

मी मान वर न करता म्हणाले, ‘टपालपेटी नाही ती, रोज उघडायला.’

‘मग कधी उघडता जी?’

‘त्यात काहीतरी असलं की.’

आता ते ऐकू आलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पेटीत काही आहे की नाही हे ती उघडल्याशिवाय मला कसं कळणार होतं? पण पुण्यात खिडकीमागे बसलं की जिभेला अशी धार येते आणि माणसं तिलाच हुशारी म्हणतात. ती मुलगी हसली नाही. ‘बरं जी,’ म्हणाली आणि गेली.

गुरुवारी सकाळी मी पेटी उघडली. एक पाकीट होतं, चारी बाजूंनी डिंकानं चिकटवलेलं, वर ‘फक्त समितीसाठी’ असं लिहिलेलं. मी ते पट्टीनं फोडलं. नंबर टाकायचा तर विषय कळायला हवा, आणि विषय कळायचा तर पाकीट फोडायला हवं. एकवीस वर्षं मी हेच करत आले होते, हात आपोआप चालला.

आत दोन पानं होती. वसतिगृहातल्या तिसऱ्या वर्षाच्या तिघी मुली तिला खोलीत बोलावतात, त्यांची प्रॅक्टिकलची जर्नलं तिच्याकडून लिहून घेतात. ती घरी बोलते ती भाषा बोलायला लावून व्हिडिओ काढतात. मेसमध्ये सगळ्यांसमोर ‘कुठल्या कोट्यातून आलीस’ विचारतात आणि उत्तर मोठ्यानं द्यायला लावतात. आणि दुपारच्या सुट्टीत गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर चढवतात, तिथून स्वतःची ओळख ओरडून सांगायला लावतात. ‘मला उंचीची फार भीती वाटते हे त्यांना माहीत आहे,’ असं लिहिलं होतं. खाली सही, पूर्ण नाव, वर्ग, खोली नंबर. निनावीची दखल घेत नाही म्हणून आम्हीच सांगितलं होतं ना.

वाचून मला वाईट वाटलं, हे खरं आहे. वाईट वाटत असतानाच मी रजिस्टर ओढलं आणि तिचं नाव लिहिलं, वर्ग लिहिला, विषयाच्या रकान्यात लिहिलं: ‘वसतिगृहातील तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनींकडून होणाऱ्या छळाबाबत’. सुवाच्य अक्षरात. मग रजिस्टर फिरवून पुन्हा खिडकीकडे तोंड करून ठेवलं आणि पाकीट सरांच्या टेबलावर नेऊन दिलं. सर परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होते, सोमवारी येणार होते.

शुक्रवारी साडेबाराच्या सुमारास तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बोनाफाईडच्या अर्जाचा नंबर बघायला आली. ही आमच्या ऑफिसची लाडकी. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करायची, शिक्षकदिनाला शिपायांनाही फूल द्यायची. ती रजिस्टरावर वाकली, बोट फिरवलं, मोबाइल काढून फोटो घेतला. मुलं असे फोटो नेहमीच काढायची.

‘काढा फोटो,’ मी म्हणाले. ‘म्हणजे उद्या परत विचारायला नको.’

‘थँक्यू मॅडम. तुमच्यामुळे सगळं सोपं होतं बघा,’ ती म्हणाली. गोड हसली आणि गेली.

पाचदहा मिनिटांनी कुरियर आलं. नोंद करायला मी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. बोनाफाईडचे अर्ज त्या दिवशीचे, म्हणजे उजव्या पानावर. आणि मला दिसलं, अगदी डोळ्यांसमोर दिसलं, की तिनं मोबाइल डाव्या पानावर धरला होता. डाव्या पानाच्या मधोमध माझं अक्षर होतं, दुरूनसुद्धा वाचता येईल असं.

कुरियरवाला ‘मॅडम, सही’ म्हणत होता आणि मी ते डावं पान बघत होते. पत्रात तिघींची नावं होती. पहिलं नाव हिचंच होतं. मी वाचलं होतं ते. वाचून नोंद केली होती, पण नाव आणि चेहरा मी जोडलाच नव्हता, कारण शिक्षकदिनाला फूल देणारी मुलगी माझ्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात होती.

प्रवेशअर्जावरून त्या मुलीचा नंबर काढून फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. घड्याळात एकला दहा कमी होते. दुपारची सुट्टी एकच्या आधीच होते, आणि दुपारच्या सुट्टीत काय करतात ते मी आदल्या दिवशी वाचलं होतं.

खिडकी बंद न करताच मी निघाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. वसतिगृह कॉलेजच्या मागच्या बाजूला, चार मजली. रेक्टर मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. मी मुलीचं नाव सांगितलं, कुठे आहे विचारलं.

‘असेल मेसमध्ये. जेवायची वेळ आहे, लोक जेवतात या वेळेला,’ त्या म्हणाल्या. एरवी असं उत्तर मीसुद्धा दिलं असतं. मी मेसमध्ये बघितलं, नव्हती. मग तिच्या खोलीवर गेले, दुसऱ्या मजल्यावर.

खोलीत तिची रूममेट होती, सोलापूरकडची, पलंगावर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मला बघून दचकली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, ‘वर नेलंय तिला. त्या तिघी आल्या होत्या. मोबाइल काढून घेतला तिचा.’

‘कधी?’

‘आत्ताच. मॅडम, मी सांगितलं म्हणून सांगू नका हो.’ ती रडत नव्हती, पण तिचे दात वाजत होते. दार उघडंच होतं आणि समोरच्या खोलीतल्या दोघी आमच्याकडे बघत होत्या. त्या वेळी मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

माझे गुडघे केव्हाच गेलेत. ते दोन जिने मी कसे चढले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की प्रत्येक वळणावर मी कान देत होते, काही पडल्याचा आवाज येतोय का म्हणून. असा आवाज येईल आणि मग सगळं शांत होईल, एवढं एकच डोक्यात होतं. देवाचं नाव घ्यायलासुद्धा सुचलं नाही.

गच्चीच्या दाराला गच्चीच्या बाजूनं कडी लावलेली होती. दारापलीकडून त्या मुलीचा आवाज येत होता, उंच, चिरका, एकेक शब्द तोडून. नाव. गाव. जिल्हा. मग बापाचा धंदा. मग कोणीतरी म्हणालं, ‘ऐकू नाही आलं, आणखी दोन पायऱ्या वर जा.’ मी दारावर दोन्ही हातांनी मारलं.

‘ऑफिसातून आलेय. कडी काढा.’

एकदम शांतता. मला वाटलं, आता ती दचकली असेल, आणि माझ्या हाकेनंच तिचा पाय सुटेल. मी मारायला उचललेला हात तसाच धरून उभी राहिले. मग कडी सरकली. दारात तीच, आमची लाडकी.

‘अय्या, मॅडम तुम्ही? एवढ्या वर आलात? आम्ही स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस करतोय.’

तिच्या मागे टाकी आणि टाकीच्या शिडीवर ती मुलगी. दोन माणसांच्या उंचीवर तरी असेल. शिडी गच्चीच्या कठड्याला अगदी लागून होती, आणि कठड्यापलीकडे चार मजले. तिनं दोन्ही हातांनी लोखंड मिठीत धरलं होतं. डोळे घट्ट मिटलेले. एक चप्पल खाली पडली होती.

ओरडायचं नाही, एवढं मला कळलं. मी होईल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, ‘हं, झाली प्रॅक्टिस. उतर बाळा. डोळे उघडू नकोस, खाली बघू नकोस. उजवा पाय खाली घे. आता डावा.’ ती उतरत होती आणि मी प्रत्येक पायरीला मरत होते. तिचा घोटा माझ्या हाताला लागला तेव्हा मी तो धरला, आणि ती जमिनीवर उभी राहिली तरी सोडायचं भान राहिलं नाही.

तिचे तळहात गंजानं लाल झाले होते. मी म्हणाले, ‘चल माझ्याबरोबर.’ ती त्या तिघींकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘प्रॅक्टिस होती, मॅडम.’

‘बघा,’ ती लाडकी म्हणाली. ‘उगाच गैरसमज नका करून घेऊ हं.’

रेक्टर मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, लेखी द्या. सरांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘तक्रार आपल्याकडे नोंदली गेलीय ना? मग झालं तर. सोमवारी समिती बोलावू.’ मी खिडकीत परत येऊन बसले. समोर जिन्याखाली लाल पेटी, तिच्यावर हेल्पलाइनचा नंबर, जो मी रोज वाचत होते. फोन उचलून तो लावायला एक मिनिट लागलं असतं.

मी नाही लावला. का नाही लावला, तेही सांगते. पलीकडच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला असता की नाव बाहेर कसं गेलं. त्या प्रश्नाला मी भ्याले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे कोणापुढे कबूल करणार? त्या मुलीच्या जिवाची भीती आणि माझ्या खुर्चीची भीती अशा दोन भीती एकाच पोटात होत्या. कुठली मोठी होती ते मी इथे लिहिणार नाही.

शनिवार-रविवार कसे गेले विचारू नका. रविवारी सकाळी मंडईत गेले, पावशेर गवार घेतली आणि घरी येऊन पाहते तर भाजीची पिशवी गाळ्यावरच राहिलेली. दर दोन-तीन तासांनी काहीतरी खोटं निमित्त काढून वसतिगृहाच्या फोनवर फोन करत होते. एकदा पाणी आलंय का विचारलं, एकदा मेसचा मेनू विचारला. चौकीदार शेवटी म्हणाला, ‘मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?’ फोन वाजला की मला वाटायचं, आता तेच सांगणार. त्या मुलीला ‘माझ्या घरी चल दोन दिवस’ म्हणायला काय हरकत होती? पण विद्यार्थिनीला घरी न्यायचं तर परवानगी लागते, असं मी स्वतःला सांगितलं. नियम कसे हवे तेव्हा आठवतात बघा.

सोमवारी ती खिडकीशी आली. जिवंत आहे, हा पहिला विचार. तिनं एक कागद पुढे केला: ‘माझी तक्रार गैरसमजातून झाली असून ती मी स्वखुशीने मागे घेत आहे.’ अक्षर तिचं, वाक्य कुणा दुसरीचं. तिच्या मागे, नोटीस बोर्डापाशी, त्या तिघी बोर्ड वाचत उभ्या होत्या.

‘नंबर द्या जी याला,’ ती म्हणाली. ओठ पांढरे पडलेले.

‘शिक्का सापडत नाहीये,’ मी म्हणाले. शिक्का माझ्या हातात होता. मी बाजूचं अर्धं दार उघडलं, तिला मनगटाला धरून आत घेतलं, कपाटामागच्या स्टुलावर बसवलं आणि शिपायाला म्हटलं, इथून हलायचं नाही, प्राचार्यांनी बोलावलं तरी हलायचं नाही. मग सरांच्या केबिनमध्ये गेले आणि गच्चीवर जे पाहिलं ते सगळं सांगितलं. उभ्यानं, एका दमात.

सर गंभीर झाले. तेवढ्यापुरते ते चांगले निघाले. मी पाहिलेलं आहे म्हटल्यावर तक्रार मागे घेतली तरी काही बिघडत नाही म्हणाले. समिती त्याच दिवशी बसली. पालकांना फोन गेले, पोलिसांना कळवलं गेलं. त्या मुलीचा मोबाइल परत मिळाला आणि त्या तिघींच्या मोबाइलमधले व्हिडिओही मिळाले. तिघींना वसतिगृहातून काढलं, कॉलेजमधून निलंबित केलं. पण समितीपुढे सरांनी त्या लाडकीला एक प्रश्न विचारलाच.

‘तक्रार कुणी केली हे तुम्हाला कळलं कसं?’

मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. निवांतपणे, काहीतरी ठरवत असल्यासारखं. मग म्हणाली, ‘तिच्याच खोलीतून कळलं, सर.’

सगळ्यांच्या माना हलल्या. रूममेट. समोरच्या खोलीतल्या दोघींनीही सांगितलं, हो, ती कुणाशीतरी दारात बोलत होती. माझ्याशीच बोलत होती ती, त्या मुलीचा जीव वाचवायला. आणि मी पेन खाली ठेवून हे सांगायचं, तर मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या लाडकीनं मला वाचवलं आणि गळ्यात दोरी बांधून ठेवली. घरी आले तर आरशात बघवेना.

मंगळवारी ऐकलं की चंद्रपूरकडची रूममेटशी बोलत नाही. बुधवारी ऐकलं की मेसमध्ये रूममेटच्या टेबलावर कुणी बसत नाही, तिच्या पाठीमागे ‘खबरी’ म्हणतात. एकीला टाकीवर चढवून झालं होतं, आता दुसरीची पाळी होती, न चढवताच. मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. संध्याकाळी खिडकी बंद करताना म्हणायचे, उद्या.

गुरुवारी रूममेटचे वडील आले. साखर कारखान्यात कामाला होते, सदऱ्याला घडीच्या रेघा होत्या. ‘घरगुती अडचणीमुळे’ वसतिगृह सोडण्याचा आणि दाखल्याचा अर्ज पुढे केला. लेक मागे खाली मान घालून उभी.

‘काय सांगू मॅडम,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘आपल्या पोरीनं दुसऱ्याच्या पोरीचा घात करावा? घरात असलं शिकवलं न्हाई ओ आमी. तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई.’

त्या मुलीनं वर पाहिलं. माझ्याकडेच. ‘मी सांगितलं म्हणून सांगू नका हो’ म्हणाली होती, आणि मी तिचं अगदी तंतोतंत ऐकलं होतं. मी शिक्का मारला. नंबर टाकला. दाखला एरवी आठ दिवस घेतो, त्या दिवशी तासाभरात तयार झाला, कारण ते दोघं समोरून लवकर जावेत असं मला वाटत होतं.

ते गेले आणि मला बसवेना. दीड-दोन तासांनी शेवटी मी उठून अभ्यासिकेत गेले. चंद्रपूरकडची एकटी बसली होती. तिला बाहेर पायऱ्यांवर बोलावलं.

‘तुझं नाव तिनं सांगितलेलं नाही,’ मी म्हणाले. ‘माझ्यामुळे बाहेर गेलं. रजिस्टरात लिहून मी ते खिडकीत उघडं ठेवलं होतं. त्यांनी फोटो काढला, माझ्यासमोर. आणि तू गच्चीवर आहेस हे मला कळलं, ते तुझ्या रूममेटमुळे.’

मी तिच्या रागाची वाट बघत होते. ती म्हणाली, ‘म्हणजे ती नव्हती?’

‘नव्हती.’

‘नक्की नव्हती ना जी?’

‘नक्की.’

‘मी तिला काय काय बोलली,’ ती म्हणाली आणि मोबाइल काढून नंबर लावायला लागली. एकदा, दोनदा, चारदा. पलीकडून फोन उचलला जाईना. तिनं मोबाइल माझ्या हातात कोंबला. ‘तिच्या बाबांना लावा. माझं नाही ऐकणार. तुम्ही सांगा.’

अर्जावर वडिलांचा नंबर होता, आणि त्याच दिवशी लिहिलेला म्हणून मला तो पाठ होता. त्यांनी लगेच उचलला. मागे एसटीचा खडखडाट.

मी कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं, पेटीपासून. दोनदा शब्द अडकले. त्या मुलीनं मध्येच बोट लावून स्पीकर सुरू केला, म्हणजे पलीकडचं तिलाही ऐकू यावं, आणि मला तिच्यासमोर सगळं पुन्हा म्हणावं लागलं.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘स्वारगेटपासनं मी पोरीला बोल लावत आलोय. खिडकीकडं तोंड करून रडतीय ती. आन् तुमी आता सांगताय.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘आता सांगतेय.’

‘लोणी काळभोर आलंय,’ ते म्हणाले. ‘उतरू का आमी? तिथं परत तिला कोन काय करनार न्हाई ना? तुमी घेता का जिम्मेदारी?’

त्या तिघींच्या मैत्रिणी अजून वसतिगृहात होत्या. मेसमध्ये तीच टेबलं होती, गच्चीच्या दाराला तीच कडी. मी कसली जबाबदारी घेणार होते? चंद्रपूरकडची माझ्याकडे बघत होती.

‘घेते,’ मी म्हणाले.

‘ओ मास्तर, गाडी घ्या जरा कडंला,’ असा त्यांचा आवाज आला आणि फोन बंद झाला. त्या मुलीनं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि एक शब्द न बोलता फाटकाकडे पळाली. मी पायऱ्यांवरून उठले आणि उपप्राचार्यांच्या केबिनकडे निघाले. दारात पोचेपर्यंत मला भीती वाटत होती, आणि ‘सर, ते रूममेटचं खरं नाही’ असं म्हणून झाल्यावरही वाटतच होती.